मैदानावर आलेली मुलं टिकत का नाहीत?

'मोबाइल काढून घेतला की मुलं आपोआप मैदानावर येतील' असं वर दोघांनी लिहिलंय. मला हे अर्धंच पटतं. येतील, पण टिकतील का? आज घरी बसलेल्या कितीतरी मुलांनी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत हौसेनं खेळून पाहिलेलं असतं. मग संघनिवड होते आणि यादीत नाव नसलेलं पोर कडेला बसून इतरांच्या बाटल्या सांभाळतं, दिवसभर बॅटला हातही लागत नाही. ते हळूहळू यायचंच बंद झालं तर दोष मोबाइलचा कसा?

शिवाय ही निवड गुणवत्तेवरच होते असं आपण धरून चालतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात येतं, आणि त्या वयात अकरा महिन्यांनी उंचीत, ताकदीत केवढा फरक पडतो! कॅनडाच्या आइस हॉकी संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचाच भरणा असल्याचं १९८०च्या दशकातच लक्षात आलं होतं. पुढे फुटबॉलमध्येही तेच दिसलं. नॉर्वेत तर ११ वर्षांखालच्यांच्या स्पर्धांत क्रमवारी लावत नाहीत आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १३व्या वर्षापासून पुढेच. तरी २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकून तोच देश पहिला आला. म्हणून प्रशिक्षकांना कळकळीची विनंती: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला सामन्यात उतरवा.