ओट्याखाली डिशवॉशर: आधी उंची मोजा

४५ सेंमी रुंद फुली इंटिग्रेटेड डिशवॉशर (म्हणजे ज्याच्या दारावर बाकीच्या कपाटांसारखंच शटर लावतात तो) सिंकशेजारी ओट्याखाली बसेल का, हा प्रश्न आहे. रुंदी जमते, घोडं अडतं ते उंचीवर. बहुतेक मशिन्सना पाय पूर्ण आत घेऊनही ८१.५ सेंमी मोकळी उंची लागते. ओटा ३४ इंची, म्हणजे ८६.४ सेंमी असेल, तर २ सेंमी ग्रॅनाइट आणि १.८ सेंमी प्लाय वजा जाता ८२.६ उरतात. जेमतेम. ३२ इंची ओट्याखाली प्रयत्नच नको. माप फरशीपासून प्लायच्या खालच्या कडेपर्यंत, पुढे आणि मागे दोन्हीकडे घ्या, कारण फरशीला उतार असतो. मध्ये कडप्प्याचा उभा टेकू येत असेल तर ग्रॅनाइटला दुसरा आधार दिल्याशिवाय तो काढू देऊ नका.

सॉकेट मशीनच्या मागे कधीच नको. प्लग पुढे येतो, मशीन आत सरकत नाही आणि शटर बाकीच्या ओळीच्या बाहेर राहतं. १६ अँपिअरचा सॉकेट आणि अँगल कॉक (मशीनच्या पाण्याचा छोटा नळ) सिंकखालच्या कपाटात, पाणी उडणार नाही असे घ्या. ते कपाट आणि मशीन यांच्या मधल्या फळीला पाइपांपुरतं भोक पाडा. ड्रेन पाइप आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत वर नेऊन क्लिप करा, मगच खाली सोडा. नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये उलटं येतं.

शटर लावल्यावर दार अर्ध्यावर सोडून बघा. खाली आपटत असेल तर स्प्रिंग घट्ट करायची. शटरची खालची कड स्कर्टिंगला (कपाटांखालच्या पट्टीला) घासली तर स्कर्टिंग तेवढीच कापा. आणि ओट्याखालच्या प्लायला वाफरोधक पट्टी चिकटवायला सुतार हमखास विसरतात. ती नसेल तर प्लायची कड फुगते.