दात्याकडे यंत्र मागावे की डॉक्टरचा वेळ?

तापीकाठ :
मी खान्देशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. धडगाव-अक्कलकुवा भागातील पावरा व भिल्ल समाजातील सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाची किती मात्रा पुरते, हे तीन वर्षे पाठपुरावा करून तपासायचे आहे. या औषधाचा उपयोग सिद्ध करणारी १९९५ ची अमेरिकी चाचणी प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवर झाली. आपल्याकडील बहुतेकांमध्ये गर्भीय हिमोग्लोबिन (जन्माआधीचे, या आजाराची तीव्रता कमी करणारे हिमोग्लोबिन) अधिक असते, त्यामुळे तिथली मात्रा इथे डोळे झाकून लावता येत नाही. एक केळी व्यापारी कुटुंब वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देऊ इच्छिते. त्यांच्या मनात यंत्र आहे. मी काय मागावे?

सातपुडा_वाट :
वेळ मागा. आमच्या विभागात देणगीचे एक उपकरण दोन वर्षे प्लास्टिकच्या आवरणासकट उभे आहे; रिएजंटसाठी (तपासणीच्या रसायनांसाठी) तरतूद नाही आणि ते चालवणारा माणूस नाही. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, मग विद्यार्थी, अशा दिवसात संशोधनाला रात्रच उरते. अमेरिकेतील डोरिस ड्यूक फाउंडेशन ही देणगीदार संस्था तरुण वैद्यक-संशोधकांना अनुदान देताना त्यांचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट त्यांच्या महाविद्यालयाला घालत असे. २०१५ मध्ये तर घरच्या आजारपणामुळे वा लहान मुलांमुळे अडकलेल्या संशोधकांना मदतनीस ठेवता यावेत, म्हणून तिने दहा अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांना निधी दिला. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. आपल्याकडे वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप डॉक्टरांसाठीही आहेत; तिथेही अर्ज करा.

रक्तचाचणी :
पैसा व्यक्तीच्या नावावर न घेता संस्थेच्या खात्यात घ्यावा आणि नैतिकता समितीची मान्यता आधी मिळवावी.

धडगावकर :
डॉक्टरसाहेब, दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेव्हा तीन महिन्यांनी रक्त तपासायला बोलावलेला मुलगा घरी सापडणार नाही. पावरी बोलणारी, पाडा आणि मुकादम दोन्ही माहीत असणारी एक परिचारिका पगारी ठेवा. तिच्याविना तुमची नोंदवही अर्धी कोरी राहील.

तापीकाठ :
सर्वांचा आभारी आहे. परिचारिकेचे तीन वर्षांचे वेतन, तिचा प्रवास, आणि माझ्या ओपीडीचे आठवड्यातील दोन दिवस सांभाळणाऱ्या डॉक्टरचे मानधन, एवढेच मांडून रविवारी त्या कुटुंबाकडे रावेरला जात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव त्या परिचारिकेच्या पदाला द्यावे, असे सुचवणार आहे.