पहिल्या बातमीवर तुम्ही कधी फसलात?

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसांनी पकडल्यावर मेला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात होतं की संशयिताने विरोध केला, त्याला बेड्या घातल्या, मग तब्येत बिघडलेली दिसली म्हणून अँब्युलन्स बोलावली. एका अधिकाऱ्याने त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला होता, त्याचा उल्लेखच नाही. तो गुडघा नऊ मिनिटांहून जास्त तिथे होता, हे जगाला कळलं ते रस्त्यावरच्या एका १७ वर्षांच्या मुलीने फोनवर शूटिंग केलं म्हणून. एप्रिल २०२१ मध्ये ज्युरीने, म्हणजे खटल्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी, त्या अधिकाऱ्याला खुनाच्या आरोपात दोषी ठरवलं. ते पत्रक मी नंतर तीन-चारदा वाचलं. धडधडीत खोटं शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. जे लिहिलंच नाही, तेच सगळं होतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी सांगा. पोलीस, कोर्ट, काळे-गोरे-आपण, यात तुमचं मत कधी उलटलं? फॉरवर्डमधलं नको, स्वतःचं. आणि कुणी काही कबूल केलं तर तुटून पडू नका.

*

मी १९८९ साली न्यूयॉर्कला शिकायला आलो. एप्रिलमध्ये सेंट्रल पार्कात धावायला गेलेल्या एका बाईवर बलात्कार झाला, ती मरता मरता वाचली. पाच पोरं धरली, १४ ते १६ वर्षांची, काळी आणि लॅटिनो. पेपरांनी त्यांची लांडग्यांची टोळी करून टाकली. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा नुसते बिल्डर. त्यांनी पानभर जाहिराती दिल्या, मृत्युदंड परत आणा म्हणून. ती जाहिरात मी लॅबमध्ये वाचली आणि मान डोलावली. पोरांनी कबुलीजबाब दिले होते, आणखी काय पाहिजे?

२००२ मध्ये आधीच तुरुंगात असलेल्या भलत्याच माणसाने गुन्हा कबूल केला, डीएनएही त्याचाच निघाला, पोरांच्या शिक्षा रद्द झाल्या. मला हे कळलं २०१४ मध्ये, शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली तेव्हा. म्हणजे मधली बारा वर्षं नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला 'रात्री पार्कात जाऊ नकोस' सांगताना मी त्याच पाच जणांची गोष्ट रंगवून सांगत होतो. ज्यांना ती सांगितली त्यातल्या एकालाही मी नंतर फोन करून खरं काय ते सांगितलेलं नाही.

*

आमच्या घरी फेब्रुवारी २०१५ पासून एक नियम आहे. अलाबामातल्या मॅडिसनमध्ये मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक गुजराती गृहस्थ सकाळी फिरायला बाहेर पडले होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक हडकुळा काळा माणूस फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली. गाडीवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. तरी दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं.

तेव्हापासून बाबा इकडे आले की त्यांच्या खिशात कार्ड असतं. नाव, पत्ता, माझा नंबर. 'मी काय जत्रेत हरवलेलं पोर आहे?' म्हणून दर वेळी कुरकुर!

पण सांगायचंय ते वेगळंच. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सगळे पेटले होते, आणि लिहीत काय होते? 'अहो, ते काळे नव्हतेच!' मीही लिहिलं. लेक तेव्हा आठवीत. तिने मागून वाचलं आणि म्हणाली, 'मग असते तर चाललं असतं?' मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

*

जानेवारी २०१९, वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलपाशी ट्रम्प-समर्थकांची लाल टोपी घालून हसत उभा असलेला शाळकरी मुलगा आणि समोर ढोल वाजवणारे नेटिव्ह अमेरिकन आजोबा. छोटीशी क्लिप बघून मी त्या मुलाच्या थोबाडाबद्दल जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग लांब व्हिडिओ आला. आधी तिसऱ्याच गटाने त्या मुलांना शिव्या दिल्या होत्या. पोस्ट गुपचूप उडवली. माफी वगैरे नाही मागितली.

*

माझं उलटं-सुलटं दोन्ही झालंय. २०१२ मध्ये फ्लोरिडात वस्तीवर गस्त घालणाऱ्या झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या मुलाला गोळी घातली. त्याआधी त्याने पोलिसांना केलेला फोन एनबीसी या वाहिनीने कापून लावला. ऐकणाऱ्याला वाटावं, 'हा काहीतरी करायच्या बेतात आहे, काळा दिसतोय' असं तो एका दमात बोलला. मूळ फोनमध्ये मध्येच पलीकडून विचारलं होतं, गोरा, काळा की हिस्पॅनिक? वाहिनीने नंतर चूक कबूल केली. तो तुकडा मी तावातावाने सगळ्यांना ऐकवला होता, त्यामुळे चांगलीच तोंडघशी पडले. नवऱ्याला तेवढं पुरलं. 'बघ, सगळंच रचलेलं.' अरे, आवाज कापला म्हणून १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा मेलाच नाही का? यावर आमचं अजून जमत नाही.

*

ज्युरी ड्यूटीचं पत्र आल्यावर मी आधी कॅलेंडर बघितलं, सुटका होईल का म्हणून. नाही झाली. चोरीचा खटला, आरोपी काळा. निवड चालू असताना न्यायाधीशांनी विचारलं: केवळ पोलीस आहे म्हणून तुम्ही एखाद्याच्या साक्षीवर जास्त विश्वास ठेवाल का? मी नाही म्हटलं. मनात हो होतं.

सरकारी वकिलाने तीन काळ्या बायकांना ज्युरीतून वगळलं. वंशावरून असं करता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९८६ चा बॅटसन निकाल आहे. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली तेव्हा कारणं आली: एकीचा भाऊ तुरुंगात, दुसरी उशिरा आली, तिसरी कंटाळलेली दिसते. कारणं मान्य झाली. कंटाळलेला मीही होतो, जांभया देत होतो. मला ठेवलं! मी कुणाच्याच बाजूचा नाही असं त्यांना वाटलं असणार.

आम्ही त्याला निर्दोष सोडलं, पोलिसाच्या दोन जबाबांत वेळ जुळत नव्हती म्हणून. ते पकडलं एका निवृत्त गोऱ्या शिक्षिकेने. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

*

वर सगळी शिकलेली मंडळी बोलताहेत, मी गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, चालवतो. दोनदा लुटलं, दुसऱ्यांदा बंदूक कपाळाला. एकाही वाहिनीने विचारलं नाही. लुटणारा काळा होता म्हटलं की लगेच मी वर्णद्वेषी. प्रत्येक गोष्टीत वंश आणण्याचा मला कंटाळा आहे, आणि हे मी इथेही बोलणार. राग आला तर येऊ द्या.

तर. आठ दिवसांनी पोलिसांनी सहा फोटो समोर ठेवले. माझी नजर बंदुकीवर होती हो, चेहरा कुठला बघतोय! चौथ्या फोटोवर बोट ठेवून म्हटलं, 'बहुतेक हाच.' कागदावर ते 'बहुतेक' आलं नाही. सही करताना मला ते दिसलं. केली सही.

पोरगा अडीच महिने आत होता, जामिनाला पैसे नव्हते. मग त्याच्या कामाच्या ठिकाणची हजेरी सापडली, सुटला. त्याची आई एकदा माझ्याकडे आली. आता ही भांडणार, म्हणून मी तयारीतच होतो. तिने पन्नासची नोट दिली, वीसचा गॅस सांगितला, सुटे एकेक करून मोजून घेतले आणि गेली.