सर्फिंगच्या सहलीला रिळाचा कॅमेरा: न्यावा की नको?

रीळवेडी:
डिसेंबरात आम्ही चौघं आणि सासूबाई गोव्यात अश्वेला गेलो होतो, मुलांना सर्फिंग शिकवायला. मोबाइल खोलीवर ठेवले. सोबत फक्त निकोनॉस-५, हा पाण्यातही चालणारा फिल्म कॅमेरा, आणि ३६ फोटोंचे दोन रोल. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, घरच्या सहलीचे फोटो फिल्मवरच काढावेत. लाटेवरचे जेमतेम सहा निघाले. बाकी? दोरीवर उलटा टांगलेला रॅशगार्ड, बाहीतून टपटपणारं पाणी. जीभ बाहेर काढून बोर्डाला वॅक्स घासणारा धाकटा. वाळूत फतकल मारून शेंगा सोलणाऱ्या सासूबाई. मोबाइल असता तर लाटांचेच तीनशे काढून मोकळी झाले असते. शिवाय भर उन्हात निगेटिव्हवर एखादा स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश पडला तरी फेसातले बुडबुडे दिसतात. माझ्या मोबाइलवर तिथे नुसता चुना फासलेला दिसतो.

दर्यावर्दी:
ताई, मला हे अजिबात पटत नाही. निकोनॉस २००१ सालीच बनायचा बंद झाला. पाणी अडवणारी जुनी रबरी ओ-रिंग गळली की खारं पाणी रोलही खातं, कॅमेराही. त्यात फोकससाठी अंतर नजरेनंच ठरवायचं. माझी मुलगी कर्नाटकात मुल्कीला पहिल्यांदा बोर्डवर उभी राहिली तेव्हा माझ्या हातात हाच कॅमेरा होता. अंदाज चुकला. दोन आठवड्यांनी स्कॅन आले, तर पोरीच्या जागी धुरकट ठिपका. आता ती बारावीला आहे. अशा वेळी लागोपाठ वीस फ्रेम मारता आल्याच पाहिजेत.

कोपरा-दुकान:
खर्चाचंही बोला. रोल, डेव्हलपिंग, स्कॅन धरून मला गेल्या वेळी फोटोमागे ४५ रुपये पडले. आणि विमानाने जाणार असाल तर रोल हातात तपासायला सांगा, नव्या सीटी स्कॅनरमधून गेला की फिल्मवर धुकं चढतं.

रीळवेडी:
खर्च मान्य, म्हणून वर्षाला चारच रोल. पण दादा, वीस फ्रेम मारताना तुमचा डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला असणार. मी एक फोटो काढला आणि पुढची लाट पोरासोबत पाण्यात उभी राहून घेतली. तो ठिपका ठेवलात की टाकलात?

दर्यावर्दी:
ठेवलाय, पाकिटात. पण 'ही तू' असं तिला बोट ठेवून सांगावं लागतं. धाकटा जानेवारीत शिकणार आहे, त्याच्यासाठी डिजिटलच नेणार.