क्रिप्टो व्यवहारांना शिस्त कशी लावावी?

प्रश्न: नियम वहीत लिहिलेले असूनही बिटकॉइनचा भाव घसरू लागला की मी स्टॉप-लॉस (तोटा वाढू नये म्हणून आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) खाली सरकवतो. ही सवय कशी मोडावी?

उत्तर १: आधी रक्कम ठरवा. भांडवल ५०,००० रुपये असेल आणि एका व्यवहारात १ टक्का, म्हणजे ५०० रुपयेच गमवायचे असतील, तर स्टॉप-लॉस ५ टक्के खाली असताना १०,००० रुपयांहून अधिक खरेदी करू नये. रक्कम सोसण्याजोगी असली की हात थरथरत नाही.

उत्तर २: यात कर धरलेला नाही. भारतात नफ्यावर ३० टक्के कर लागतो, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा होत नाही आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही (रक्कम हाती येण्याआधीच वळता होणारा कर) कापला जातो. त्यामुळे दिवसाला दहा उलाढालींची पद्धत कागदावरच शोभते.

प्रश्नकर्ता: टीडीएसचा रकाना माझ्या वहीत नव्हताच, आज आखला.