मदत हवी आहे: गरवण्यासाठी साध्या रिग (दोरा, गऱ्या आणि शिसं यांची बांधणी) कशा बांधाव्यात? (भाट्ये आणि मांडवी, रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

वडिलांकडून मी हातगळ शिकलो. तंगूस, एक गरी, थोडं शिसं, बस्स. खाडीच्या कडेला तेवढं पुरतं. आता बारा फुटी रॉड आणि रील घेतलंय, रीळवर ०.३५ मिमीचा नायलॉन आहे. लांब फेकायला लागलो तसे प्रश्न सुरू झाले.

जागा दोन. पहिली भाट्याची वाळू. तिथे मला मुडदुशी हवी असते, आमिष सोललेल्या कोलंबीचे तुकडे. गोल शिसं वापरतो. काजळी नदीच्या मुखाकडे पाण्याची ओढ असली की ते वाळूवरून गडगडत जातं आणि दोरा ओढून घ्यावा तर गऱ्यांचे आखूड दोरे मुख्य दोऱ्याभोवती पीळ घालून बसलेले असतात.

दुसरी मांडवीची जेट्टी. तिथे करकरा, कधी तांब. खाली खडक असल्यामुळे शिसं कपारीत अडकतं आणि शिशापायी गऱ्यांसकट सगळी रिग तोडावी लागते.

तारेच्या तयार रिग दुकानात मिळतात, पण त्या नकोत. दिवाळीच्या सुट्टीत भाचा-भाची येणार आहेत, दहा-बारा वर्षांची. त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ मारावी आणि त्याच गाठीवर मासा धरावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यामुळे मुलांना जमतील अशा गाठी सांगा. दोन्ही जागांना एकच रिग चालेल का?

---

खाडीकाठ:

एकच रिग नको. वाळू आणि खडक यांची गरज उलटी आहे. वाळूत शिशाने रुतून बसायला हवं, खडकात ते सहज सुटायला हवं.

भाट्यासाठी आधी शिसं बदला. गोल शिसं गडगडणारच, पिरॅमिडच्या आकाराचं घ्या. ओढ फारच असेल तर तारांचे पाय असलेलं मिळतं, ते वाळूत नांगरासारखं धरतं. मुडदुशीचं तोंड लहान, म्हणून गरी ६ किंवा ८ नंबरची पुरे.

रिगसाठी सुमारे मीटरभर ०.६० मिमीचा कडक नायलॉन घ्या. खाली शिसं, वर स्विव्हल (फिरती कडी), मधे दोन फास. फासाची गाठ अशी: दोऱ्याचं मोठं वेटोळं करा, जिथे दोरे एकमेकांवरून जातात तिथे पाच-सहा पीळ द्या. मग पिळांच्या बरोबर मध्यभागी फट उघडून वेटोळ्याची समोरची बाजू तिच्यातून बाहेर ओढा. तो फास खिळ्यात अडकवा, गाठ थुंकीने ओली करा आणि दोन्ही टोकं सावकाश ताणा. कोरडा नायलॉन ओढला की घर्षणाने तापतो आणि गाठीतच कमजोर होतो, म्हणून ओली करणं कधीही चुकवू नका. मुलं आधी जाड सुतळीवर शिकली तर तासाभरात जमेल. फास गरीच्या डोळ्यातून ओवून गरीवरूनच परत घेतला की वेगळी गाठ लागत नाही.

पीळ बसण्याचं मुख्य कारण दोऱ्यांची लांबी. दोन फासांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक फास १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे गऱ्या एकमेकींना गाठत नाहीत. आणि शिसं पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी रीळवर बोट टेकवा. दोरा ताणला जाऊन रिग सरळ होऊन पडते. निम्मा गुंता इथेच संपतो.

---

शिंपला:

वरच्या रिगशी सहमत, मुडदुशीला तीच. काही जण तिथेही सरकत्या शिशाची रिग सांगतात, मला ते पटत नाही. शिसं घट्ट असलं की लहान मासा आमिष ओढताना आपोआप गरीवर बसतो. सरकतं शिसं रावस किंवा मोठ्या शिंगाळ्यासाठी ठेवा, कारण तो मासा आमिष घेऊन चालू लागला तरी त्याला वजन जाणवत नाही.

मांडवीला खालचं शिसं ०.२५ मिमीच्या वीतभर दोऱ्याने बांधा, वरची रिग जाडच. शिसं अडकलं तर तेवढाच बारीक दोरा तुटेल, गऱ्या आणि मासा वर येतील. शिशाऐवजी गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग चालतात, हरवले तरी हळहळ नाही. मात्र ही रिग फक्त सरळ खाली सोडायची. ती झोकात फेकली तर बारीक दोरा हवेतच तुटेल.

तुमच्या ०.३५ च्या दोऱ्याची मला काळजी वाटते. १०० ग्रॅम शिसं जोरात फेकताना तो तुटला तर शिसं कुणाच्याही डोक्यात बसू शकतं आणि भाट्यावर संध्याकाळी माणसं असतात. पुढे जाड दोरा जोडा. हिशोब सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमला, १० पौंड ताकद. १०० ग्रॅमला साधारण ३५ पौंड होतात, ४० चा घ्या. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय रीळवर पाच-सहा वेढे.

---

धागाकर्ता:

खाडीकाठ, शिंपला, दोघांचेही मनापासून आभार. बारीक दोऱ्याची युक्ती फार आवडली. जाड दोरा बारीकला कोणत्या गाठीने जोडू? आणि मुलांबरोबर असताना आणखी काय सांभाळायचं?

---

शिंपला:

डबल युनी. युनी म्हणजे वेढे घेऊन मारलेली, ओढली की सरकून घट्ट बसणारी गाठ. दोन्ही टोकांनी एकमेकांवर ती मारायची, जाड बाजूला तीन-चार वेढे, बारीक बाजूला सहा-सात. ओली करा, मग दोन्ही गाठी एकमेकींकडे सरकवा. युनी एकदा हातात बसली की स्विव्हल आणि शिसंही तिनेच बांधता येतं, म्हणून मुलांना फास आणि युनी या दोनच गाठी शिकवा.

शिंगाळा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. पक्कड जवळ ठेवा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ कमी होते, मग डॉक्टरकडे जा. शिशाच्या गोळ्या मुलं दातांनी दाबतात, तेही होऊ देऊ नका.

तोडलेल्या तंगुसाचे तुकडे डबीत भरून घरी आणा. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या पायांत तो अडकला की सुटत नाही.