आलू, अळू, रताळू, जर्दाळू : हे सगळे एकाच घरातले का?

मंडईवाली
शेजारच्या गुजराती काकूंनी उंधियोसाठी सामानाची यादी दिली, त्यात 'रताळू अर्धा किलो'. मंडईत भाजीवाल्या मावशींना म्हटलं उंधियोला रताळी द्या, तर त्या म्हणाल्या उंधियोला ना, मग कोनफळ न्या, गुजराती लोकं त्यालाच रताळू म्हणतात, आणि आपल्या रताळ्याला त्यांच्यात शक्करियां. काकूंना फोन केला तर खरंच ते जांभळं कोनफळच हवं होतं! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हिंदीत आलू म्हणजे बटाटा, आपलं अळू म्हणजे पानं, रताळू म्हणजे इकडे एक तिकडे भलतंच, आणि वर जर्दाळू नि आलुबुखार ही तर चक्क फळं. मूळ शब्द एकच आहे का? कुणी नीट सांगेल का, उगाच 'सगळं संस्कृतातूनच आलंय' नको प्लीज.

पेठेतला_पंडित
निम्मं संस्कृतातून आलंय, काय करणार :) संस्कृतात आलु, आलुक म्हणजे खायचा कंद, कुठलाही. त्यातूनच आपलं अळू, आणि रक्तालु म्हणजे तांबडा कंद त्याचं झालं रताळू. आता गंमत बघा, रताळं हे पीक मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीज यायच्या आधी इथे नव्हतंच, म्हणजे रक्तालु हा शब्द जुना असेल तर तो आधी इथल्याच कुठल्यातरी कंदाचा असणार, कोनफळासारख्या. तर त्या काकूच मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहेत आणि आपण मराठी लोकांनी ते नाव नव्या पाहुण्याला देऊन टाकलं. हिंदी-बंगालीवाल्यांनी पण तेच केलं, बटाटा आला तेव्हा घरात पडून असलेलं 'आलू' त्याला चिकटवलं.

जर्दाळूचा मात्र काहीएक संबंध नाही. ते फारसी. फारसीत आलू म्हणजे प्लम, जर्द म्हणजे पिवळा, झालं जर्दाळू. आलुबुखारा म्हणजे बुखाऱ्याचा प्लम, ते बुखारा शहर आता उझबेकिस्तानात आहे. पीच म्हणजे शफ्तालू, ते पण त्याच घरातलं. आपण मराठीत दोन्हीकडे ळ लावून ठेवला म्हणून सख्खे भाऊ वाटतात एवढंच. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशात बघा म्हटलं असतं, पण ते काम १९४८ ला सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला आला आणि अजून 'अ'च चालू आहे, 'आ'लू यायला आपली नातवंडं लागतील.

वऱ्हाडी_इन_कर्वेनगर
आमच्याकडे नागपूरला बटाट्याला आलूच म्हणतात भाऊ, आलुबोंडा म्हणतात, इथे मेसमध्ये आलू मागितले तर काकू म्हणे अळूची भाजी शुक्रवारी असते 😂

पठारावरचा
आम्ही सातगाव पठारावरचे, घरचा बटाटाच. बियाणं जालंधरकडून येतं, तिकडचे व्यापारी फोनवर आलू म्हणतात आम्ही बटाटा म्हणतो, व्यवहार अडत नाही. पण मला हे सांगा बटाटा शब्द पोर्तुगीज हे ऐकून आहे, त्यांनी तरी कुठून आणला?

पेठेतला_पंडित
हा सगळ्यात भारी प्रश्न. बटाटा हा शब्द मुळात बटाट्याचा नाहीच, रताळ्याचा आहे! कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत बटाटा म्हणजे रताळं. कोलंबसानंतर स्पॅनिश लोकांनी तिथून कंद उचलला आणि नावही. खरा बटाटा आला नंतर, अँडीज पर्वतातून, त्याला तिथल्या केचुआ भाषेत 'पापा' म्हणतात आणि दक्षिण अमेरिकेत अजूनही तोच शब्द चालतो. युरोपात दोन्ही कंदांची सरमिसळ झाली. इंग्रजीतला पोटॅटो पण आधी रताळ्यालाच म्हणायचे, मग नाव बटाट्याने पळवलं आणि रताळ्याला बिचाऱ्याला 'स्वीट' लावून फिरावं लागलं. पोर्तुगीजांचं पण तसंच, बटाटा म्हणजे बटाटा आणि रताळं म्हणजे गोड बटाटा. तेच पश्चिम किनाऱ्यावर उतरलं म्हणून मराठी, कोंकणी, गुजराती बटाटावाले आणि उत्तर आलूवाली.

मंडईवाली
म्हणजे आपण रताळ्याला कोनफळाचं नाव दिलं आणि बटाट्याला रताळ्याचं. धन्य आहे. बाकी भाषांत तरी नीट आहे का?

हैद्राबादहून_हडपसर
नीट कुठलं, आमच्या तेलुगूत बंगाळादुंपा, म्हणजे बंगालचा कंद, आणि तेलंगणात आलुगड्डा पण म्हणतात. माझ्या टीममध्ये एक श्रीलंकेचा आहे, त्यांच्या सिंहलीत 'अर्तापल', ते डच लोकांच्या आर्डापल वरून, डचमध्ये त्याचा अर्थ जमिनीतलं सफरचंद. फ्रेंच पण तेच म्हणतात, फारसीत सुद्धा सीब-ए-जमिनी. त्यांच्याकडे आलू हा प्लम असल्यामुळे तो शब्द बुक होता ना आधीच.

एकादशी_दुप्पट_खाशी
मला वेगळंच टेन्शन आलं हे वाचून. बटाटा अमेरिकेचा, रताळं अमेरिकेचं, शेंगदाणे, मिरची तिकडचीच, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो पण तिकडचा, राजगिरा सुद्धा. उपासाच्या ताटात आपलं राहिलं वरी आणि तूप. अळू तेवढं पक्कं इथलं, तर ते उपासाला चालत नाही.

मंडईवाली
आमच्याकडे अळकुड्या चालतात की, पानं तेवढी नाही.

पेठेतला_पंडित
पानं चालतात, फदफद्यातली डाळ चालत नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.